नवसू डुबीवाला नापास होतो

दाभोशाच्या धबधब्याकडे जाताना जीपवाला जिथे शेजारच्या माणसाला गुडघा आवरायला सांगून पहिला गिअर टाकतो, त्या चढाच्या डोक्यावर नवसूचा पाडा आहे. तिथे नवसूचं घर विचारलंत तर लोक उलट विचारतात, "पाण्यातला नवसू का गुरांतला?" गुरांतला नवसू वेगळा, तो पाड्याची गुरं राखतो. आपला तो पाण्यातला.

आधार कार्डावर त्याचा जन्म एक जानेवारीचा, म्हणजे अर्ध्या पाड्याचा असतो तसा. वय सत्तेचाळीस धरा. बुटका, रुंद छातीचा आणि बोलण्यात भलता चिक्कू. बायको हौशी म्हणते, याच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा बिळातून खेकडा काढलेला परवडला.

त्याचं हे न बोलणं धंद्यातून आलेलं. सोळाव्या वर्षी तो वैतरणेच्या खाडीत रेतीच्या होडीवर लागला. तेव्हा तिथे डुबी मारून रेती काढत. होडीशेजारी खाडीच्या तळात लांब बांबू रोवलेला असे. एका हातात लोखंडी बादली घ्यायची, दुसऱ्या हाताने बांबू धरायचा, छातीभर श्वास घ्यायचा आणि बांबूवरून खाली सरकायचं. तळाशी गढूळ अंधार. चाचपडत बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वरचे लोक बादली ओढू लागले की आपण बांबूच्या आधाराने वर यायचं. दिवसाला शंभर-दीडशे डुब्या. हे काम त्याला शिकवलं सुकऱ्या नावाच्या थोराड माणसाने. पहिल्याच दिवशी सुकऱ्या म्हणाला, "श्वास म्हंजे तुझा डबा. वरून भरून न्यायचा. खाली उघडायचा नाय. उघडलास त मेलास."

नवसूने तेरा वर्षं तो डबा खाली उघडला नाही. ती सवय इतकी हाडीमासी भिनली की घरीसुद्धा सुईत दोरा ओवताना, भाताचं पोतं उचलताना, नुसता विचारात पडला तरी गडी श्वास धरून बसायचा. हौशी पाठीत धपाटा घालून म्हणायची, "सोड!" मग तो सोडायचा.

पुढे खाडीत यंत्रं आली आणि डुबीवाल्यांना कुणी विचारेना. तेव्हा नवसू एका मुकादमाबरोबर खाली कोकणच्या किनाऱ्यावर गेला. तिथे देवानंद सर नावाचे गृहस्थ पर्यटकांना समुद्राखालचे मासे दाखवायला न्यायचे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मास्क. स्कूबा म्हणतात त्याला. खाली चक्क श्वास घेता येतो हे पाहून नवसू तोंडात नळी असतानाच हसला आणि पाणी प्यायला.

सरांनी त्याला तीन दिवसांत पास केलं. तेव्हाची पद्धतच तशी होती. नव्या माणसाच्या कमरेला भरपूर शिसं बांधायचं, म्हणजे तो तळावर गुडघे टेकून गुपचूप बसतो. सगळे रांगेत गुडघ्यांवर, समोर सर. मास्क काढ, मास्क घाल. तोंडातली नळी शेजाऱ्याला दे, त्याचे दोन श्वास झाले की परत घे. जमलं की पास. श्वास धरू नका, असं सरांनी सांगितलं होतंच. पण वाळूत रुतून बसलेला माणूस श्वास घेतोय का धरून बसलाय, हे समोरच्याला कसं कळणार? उलट नवसूचं कौतुकच झालं. बाकीच्यांच्या टाक्या संपायला यायच्या तेव्हा याची अर्धी शिल्लक असायची. "हा बघा, नवसू हवा पीतच नाही," असं सर सगळ्यांना दाखवायचे. त्याला फोटोवालं कार्ड मिळालं. ते त्याने हौशीच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवायला दिलं.

चार हंगाम तो तिकडे होता. भात झोडून झाला की जायचा, आणि पावसात समुद्र बंद झाला की भाताच्या आवणीला घरी यायचा. समुद्राने आणि भाताने आपसात ठरवून घेतल्यासारखं वेळापत्रक होतं. चौथ्या हंगामाच्या शेवटी कुणा पर्यटकाचा कॅमेरा खाली पडला. नवसू टाकी लावून तो काढायला गेला आणि कॅमेरा हातात येताच डुबीवाल्याच्या जुन्या सवयीने सणसणत वर आला. छातीत कळ आली. थुंकी गुलाबी पडली. दोन दिवसांनी घरी पोचला तेव्हा गळ्याखालची कातडी फुगलेली आणि आवाज नाकातून येत होता. हौशीने बोट दाबून पाहिलं तर कातडीच्या आत कुरमुरे चिरडल्यासारखं वाजलं. ती घाबरली. तेल कोमट करून चोळत राहिली. आठवड्याभरात सूज उतरली.

"गार वारा बाधला," नवसू म्हणाला आणि विषय संपवला. हौशीने मात्र त्याला परत समुद्रावर जाऊ दिलं नाही.

तेव्हापासून तो दाभोशाच्या डोहाचा माणूस झाला. पावसाळ्यात धबधबा बघायला आलेलं कुणी बुडालं की जीपचा ड्रायव्हर हेमंत हॉर्न वाजवतच पाड्यावर यायचा. नवसू हातातलं काम टाकून निघायचा. टाकी नाही, नळी नाही, छातीतला डबा तेवढा. आजवर त्याने नऊ जणांना वर आणलं. नऊच्या नऊ थंड. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, पण अशा दिवशी तो घरी येऊन न जेवता अंगणात बसायचा आणि मुलगी मीना त्याच्याजवळ नुसती बसून राहायची.

गेल्या वर्षी तालुक्याला बचाव पथक करायचं ठरलं. डोहात, धरणात उतरणारी बारा माणसं निवडायची आणि त्यांना टाकीनिशी रीतसर शिकवायचं. मीनाने नाव दिलं. वीस वर्षांची पोर, पोहण्यात बापाच्या वरचढ. हौशीने सरळ नकार दिला. मग दोन दिवस घरात भांडी आपटली, आणि तिसऱ्या दिवशी हौशी म्हणाली, "खाली दोघा-दोघांनी जातात ना जोडीनं? तुझी जोडी तुझा बा. तो संगं असंल त जा. नाय त नाय."

म्हणजे मीनाचं पाण्यात उतरणं नवसूच्या पास होण्यावर येऊन ठेपलं. नवसूला त्याची काडीचीही काळजी नव्हती. पेटीतून कार्ड काढून त्याने सदऱ्याला पुसलं आणि वरच्या खिशात ठेवलं.

शिकवायला आली रविना. जामसरची पोर, आश्रमशाळेत असताना पोहण्याच्या स्पर्धा जिंकत पार अंदमानात पोचलेली आणि तिथे स्कूबा शिकवणारी. वय एकोणतीस. जव्हारला एका शाळेच्या आवारात कुणा देणगीदाराने बांधून दिलेला पोहण्याचा तलाव होता, एका टोकाला बारा फूट खोल. डिसेंबरातल्या सकाळी बारा जण त्याच्या काठावर कुडकुडत उभे राहिले. नवसूने खिशातलं कार्ड काढून रविनाला दिलं.

"ह्ये बघ. आपण झालेलो हाय पास. तुला पोरांना धरायला लागलं त सांग."

आपल्याकडे देवालाही तू म्हणतात आणि तहसीलदारालाही तूच, त्यामुळे रविनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने कार्ड उलटसुलट पाहिलं. "काका, हे सतरा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हापासून शिकवायची रीत बदलली. तुम्ही सगळ्यांबरोबर पहिल्यापासून करा."

पहिल्यापासून म्हणजे काय, तर आधी कागद. दमा आहे का, छातीचं ऑपरेशन झालंय का, थुंकीतून कधी रक्त पडलंय का. नवसूने सगळीकडे "नाही"वर खूण केली. डोहात उडी मारायला कधी कुणी कागद मागितला नव्हता. आणि मग रविना म्हणाली, "पाण्याखाली कुणीही गुडघे टेकायचे नाहीत. तळाला पाय लावायचा नाही. पहिल्या तासापासून मधल्यामध्ये आडवं तरंगायला शिकायचं."

नवसूला हसू आलं. गुडघे न टेकता कुणी शिकतं का?

पाण्यात उतरल्यावर मात्र हसू आवरावं लागलं. रविनाने कमरेला जेमतेम शिसं दिलं होतं. मीना, हेमंत आणि बाकीचे अर्ध्या तासात श्वास घेताना बोटभर वर, सोडताना बोटभर खाली असे तरंगू लागले. नवसू खाली जायचा, श्वास घ्यायचा, आणि पाण्यावर यायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर. काठावरून शाळेची पोरं बघत होती. प्रत्येक वेळी त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं की ती टाळ्या वाजवायची.

दुपारच्या सत्रात नवसू एकदम सुधारला. तळापासून हातभर वर असा ठाम राहिला की बाकीचे बघत राहिले. रविनाही खूश झाली. मग तिने जवळ येऊन त्याच्या हवा भरायच्या जॅकेटचा खिसा चाचपला. आत दगड होता. दुसऱ्या खिशातही होता. तलावामागच्या बांधावरून नवसूने दोन चांगले नारळाएवढे निवडून आणले होते. डुबीत नवे लोक हलके पडले की असाच दगड घ्यायचे, त्यात चोरी कसली?

रविना रागावली नाही. दगड काठावर ठेवून ती बाकीच्यांना सोडून त्याच्याबरोबर एकटी खाली गेली आणि नुसती त्याच्या तोंडापुढे बघत बसली. बुडबुडे मोजत. वर आल्यावर विचारलं, "काका, टाकीत किती उरलंय?"

"अर्ध्याहून जास्ती," नवसू अभिमानाने म्हणाला.

"बाकीच्यांची संपलीय. तुम्ही श्वास धरून ठेवता. छाती भरली की माणूस वर येतोच. जड होऊन तळाला बसलात तर ते झाकलं जातं, बस एवढंच."

"मंग? हवा वाचती."

रविना शाळेत गेली आणि पंधरा ऑगस्टचे उरलेले फुगे घेऊन आली. एक लाल फुगा तिने काठावरच फुगवला, गाठ मारली आणि सगळ्यांना घेऊन खाली गेली. बारा फुटांवर लाल फुगा लहान झाला. वर आणला तर पुन्हा होता तेवढाच. मग खाली जाऊन तिने पिवळा फुगा तळाशीच, टाकीच्या हवेने ताणून भरला, गाठ मारली आणि सोडून दिला. फुगा वर येता येता फुगत गेला आणि पाण्याच्या तोंडाशी फाटला.

"लाल म्हणजे तुमची डुबी," ती काठावर बसून म्हणाली. "वरून नेलेला श्वास, वर येईपर्यंत होता तेवढाच. पिवळा म्हणजे टाकी. खाली घेतलेला श्वास वर येताना वाढतो. तो सोडत वर आलं नाही तर फुप्फुस फाटतं. यात पोहणं चांगलं का वाईट याचा काही संबंध नाही." आणि मग हळूच विचारलं, "काका, तुम्हाला कधी छातीत दुखून रक्त आलं होतं का? गळ्याशी सूज?"

नवसूने पिवळ्या फुग्याच्या चिंध्यांकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीना म्हणाली, "आई सांगते ना बा, कुरमुऱ्यांचं?"

रविनाने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचा चेहरा उतरला. मग तिने कागद पुढे ओढून नवसूच्या नावापुढे "नापास" लिहिलं. "तुम्हाला या तुकडीत पास करता येणार नाही. आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग पुन्हा पहिला दिवस."

सगळ्यांसमोर. ज्याने डोहातून नऊ माणसं काढली त्याला, पोरीच्या देखत. नवसू कपडे घालून चालता झाला. अर्थातच मीनालाही थांबावं लागलं. पहिल्या तुकडीत हेमंत पास झाला. जो हेमंत आंघोळीलासुद्धा बादलीच पसंत करतो तो पास, आणि नवसू नापास. पाड्यावर ही बातमी पोचायला जीपचीही गरज पडली नाही.

चार दिवस नवसू कुणाशी बोलला नाही. तसा तो एरवीही बोलायचा नाही, पण आता न बोलण्यातला फरक कळत होता. पाचव्या दिवशी टेकाडावर जिथे रेंज येते तिथे जाऊन त्याने देवानंद सरांना फोन लावला. आता सर म्हातारे झालेले, धंदा सोडून घरी बसलेले. सर एक फोन करतील आणि ती पोर गप बसेल, असा त्याचा हिशेब. सरांनी सगळं ऐकलं. गळ्याच्या सुजेबद्दल दोनदा विचारलं. मग म्हणाले,

"नवसू, ती बरोबर आहे रे. मला माझ्या सरांनी शिकवलं तेव्हा खाली मास्क हिसकवायचे, हवा बंद करायचे. म्हणे माणूस घट्ट होतो. मी ते सोडलं, तुम्हाला गुडघ्यांवर बसवून शिकवलं. तेव्हा वाटलं, केवढी सुधारणा केली आपण! आता या मुलांनी गुडघेही सोडले. बरं केलं." सर पुढे म्हणाले, "तुझी अर्धी टाकी उरायची तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच विचारायला हवं होतं मी. त्या दिवशी तू मेला असतास. मला माफ कर बाबा."

आयुष्यात कुठल्या सरांनी नवसूची माफी मागितली नव्हती. "नाय सर," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही समुद्र दावलात. ते कोण दावणार व्हतं मला?"

फोन ठेवल्यावर तो तिथेच खडकावर बसला. आणि मग त्याला ते सगळे आठवायला लागले, चार हंगामांत ज्यांची टाकी मागून धरून त्याने खाली नेलं ते. चष्मेवाल्या आज्या, नवी लग्न झालेली जोडपी, ओरडणारे कॉलेजचे पोरगे. शेकड्यांनी. घाबरलेल्याला तो खुणेने सांगायचा की श्वास धर, काही होत नाही. स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवायचा! एकालाही काही झालं नाही. सगळे वर येऊन, फोटो काढून, वडापाव खाऊन घरी गेले. नवसूने गावदेवाच्या दिशेने हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत. त्याचा राग त्या खडकावरच राहिला.

हौशी त्याला घेऊन नाशिकला गेली. छातीचे फोटो निघाले, नळीत फुंकून झालं. छातीच्या डॉक्टरने जुनी इजा भरून आल्याचं सांगितलं. वरून दम भरला, "आता श्वास धरशील तर याद राख," आणि चिठ्ठी दिली. जानेवारीअखेरीला दुसरी तुकडी सुरू झाली, त्यात नवसू पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत होता.

समजणं सोपं, सवय सुटणं अवघड. तीन दिवस झाले तरी नवसूचं डोकं पाण्यावर येतच होतं. रविना म्हणाली, "काका, खाली गाणं म्हणा. गाणाऱ्याला श्वास धरता येत नाही." पण नवसूला गाणं कुठलं यायला? लग्नातसुद्धा तो नुसता उभा असतो.

मीनाने तोडगा काढला. "बा, साद घाल."

पाड्यावर ही रीतच आहे. रानात, ओढ्याला, खालच्या शेतावर गेलेल्या माणसाला वरून लांबलचक साद घालायची, "हूऽऽऽ". ज्याने ऐकली त्याने हातातलं टाकून तेवढीच लांब साद परत द्यायची, "होऽऽऽ". जिवंत आहे, ठीक आहे, येतोय, एवढं सगळं त्यात येतं. साद ऐकून उत्तर न देणं पाड्यावर घोर अपराध. लहानपणी एकदा मीना करवंदांच्या नादात गप्प राहिली होती. तेव्हा शांत नवसूने आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच तिला मारलं होतं, आणि मग स्वतःच रडला होता.

तर नवसूने पाण्याखाली साद घातली. नळी तोंडात धरून, नाकातून-घशातून, "हूऽऽऽ". बुडबुड्यांची माळ निघाली. मग आपसूक श्वास आत आला. पुन्हा साद. शेजारी तरंगणाऱ्या मीनाने हसून उत्तर दिलं. बारा फुटांत बापलेक एकमेकांना हाका मारत होते. अर्ध्या तासाने रविनाने त्याच्या पायांखालून हात फिरवून दाखवला. खाली हातभर पाणी मोकळं होतं. नवसू तरंगत होता. त्याची टाकी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी संपली, आणि रविनाने टाळ्या वाजवल्या.

शेवटची परीक्षा खडखड धरणावर. तीस फूट पाणी, गार आणि हिरवट. रविना एका वेळी चौघांनाच घेऊन उतरली. नवसू आणि मीनाची जोडी. खेळ असा, की मीनाने "हवा संपली"ची खूण करायची, नवसूने आपल्या जॅकेटची दुसरी नळी तिला द्यायची, आणि एकमेकांचा पट्टा धरून हळूहळू वर यायचं.

मीनाने खूण केली. नवसूने नळी पुढे केली. ती तोंडात घेताना मीनाच्या मनगटाचा तिच्याच मास्कला धक्का लागला आणि मास्क पाण्याने भरला. गार पाणी नाकात गेलं. तलावात हे तिने वीसदा केलं होतं, पण इथे तळ दिसत नव्हता. नवसूने तिच्या भरलेल्या काचेआडचे डोळे पाहिले. असे डोळे त्याने डोहात पाहिले होते. मीनाने नळी दातांत धरून गाल फुगवले, श्वास कोंडला आणि वर झेप घेतली.

नवसूच्या हातात तिचा पट्टा होता, त्यामुळे तोही तिच्यामागे ओढला गेला. छातीतला जुना डुबीवाला ओरडला, डबा बंद कर! नवसूने दुसऱ्या हाताने तिच्या जॅकेटची हवा सोडायची दोरी ओढली, आपल्या जॅकेटचीही ओढली, तिचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं आणि घशात होता नव्हता तेवढा जोर लावून साद घातली.

"हूऽऽऽऽऽ!"

मीनाला काही दिसत नव्हतं. पण ती साद तिला वीस वर्षांची ओळखीची. ऐकली की उत्तर द्यायचंच. तिच्या तोंडातून "होऽऽऽ" निघालं आणि कोंडलेली सगळी हवा बुडबुडे होऊन सुटली. तिची झेप मंदावली. नवसूने परत साद घातली, तिने परत उत्तर दिलं. रविना खालून येऊन त्यांच्या बरोबरीने वर सरकत होती. तिचा हात मीनाच्या टाकीवर होता, पण तिने मध्ये काही केलं नाही. तिघं तसेच, बुडबुड्यांतून, उन्हात वर आले.

काठावर आणल्यावर रविनाने मीनाला आडवं केलं, टाकी-जॅकेट काढलं, श्वास तपासला, दुखतंय का विचारलं. मीना खोकत म्हणाली, कुठेच नाही. पण नवसूला ते पुरेना. तो गुडघ्यांवर बसला आणि आपलं जाडंभरडं बोट पोरीच्या गळ्याखाली ठेवून हळूच दाबलं. कान जवळ नेला. पुन्हा दाबलं, इकडे, तिकडे, गळ्याखालच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी.

कातडी मऊ होती. काही वाजलं नाही.

नवसू तिथेच चिखलात बसून मोठमोठ्याने रडला. मीना घाबरून "बा, बा" करत होती, बाकीचे पाणी आणायला धावले. रविनाही त्याच्याशेजारी चिखलात बसली. नवसूने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"पोरी, तू मला तवा पास केलं असतंस ना," तो म्हणाला, "त मी आज गप ऱ्हायलो असतो. श्वास धरून, हिला घट्ट धरून वर आणली असती. डोहातल्या नवांवर धावी झाली असती माझी ही पोर."

"काका, असं नको बोलू," रविना म्हणाली. तिची शाळेतली मराठी सुटली होती.

"तुझं लई उपकार हायत माझ्यावर. तुझं, आन् देवानंद सरांचं बी."

रविनाने डोळे पुसले, नाक ओढलं आणि कागद काढला. नवसूच्या नावापुढे "पास" लिहिलं. मग पेन मीनाच्या नावावर थांबलं. तिने मीनाकडे पाहिलं. "आज जव्हारच्या दवाखान्यात दाखवून यायचं, दुखत नसलं तरी. दोन दिवस विश्रांती. मास्क भरल्यावर श्वास कोंडलास, म्हणून आज नापास. मग पुन्हा तलावात, बारा फुटांपासून."

मीनाचा चेहरा पडला. नवसूचा मात्र असा फुलला की रविनालाही हसू आलं.

दवाखान्यातून सगळं ठीक असल्याचा कागद घेऊन, संध्याकाळच्या जीपने ते परत निघाले. नवसू पुढच्या सीटवर बसून हेमंतला धरणापासून चढापर्यंत सगळं सांगत होता, साद घालून दाखवत होता, आणि हेमंत गिअर विसरून ऐकत होता. हौशी पाड्याच्या तोंडाशी वाट बघत उभी होती. जीप थांबायच्या आत नवसूने खाली उडी मारली.

"हौशे, मी पास झालो! आन् आपली मीनी नापास झाली!" त्याने सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "नापास केली तिला बाईनं!"

हौशी एकदा त्याच्याकडे आणि एकदा पोरीकडे बघत राहिली. "आन् तू हसतोस कशाला येड्यावानी?"

"आगं, त्या बाईला कोंबडा द्यायचाय," नवसू म्हणाला. "तो लाल तुऱ्याचा, मोठा. पकडून ठेव."